‘डू’ आणि ‘डझ’ची किल्ली : रोजच्या इंग्रजी प्रश्नांतला साधा वर्तमानकाळ

नंदाखालहून विरार स्थानकाकडे निघालेली एक तरुणी आपण डोळ्यांसमोर आणू. मराठी माध्यमात शिकलेली, वाणिज्य शाखेची पदवीधर. अंधेरीच्या एका कार्यालयात आज तिची मुलाखत आहे. हिशेब पक्का, संगणकावर हात बसलेला, वागणे नम्र. भीती आहे ती एकाच गोष्टीची, इंग्रजीतून होणाऱ्या संभाषणाची. मुलाखत बरी होते. शेवटी समोरचे गृहस्थ म्हणतात, तुम्हाला काही विचारायचे असेल तर विचारा. तिला जाणून घ्यायचे असते की, कार्यालय सकाळी किती वाजता सुरू होते. कारण त्यावर तिची लोकल ठरणार असते. ती धीर करून विचारते, ‘व्हेन युवर ऑफिस इज स्टार्टिंग?’ गृहस्थ गोंधळतात. त्यांच्या कानांना प्रश्न असा ऐकू येतो की, तुमचे कार्यालय आता कधी सुरू होणार आहे? ते उत्तरतात, ‘आमचे कार्यालय सुरू होऊन बरीच वर्षे झाली.’ तरुणी ओशाळते आणि गप्प बसते.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना तो आपलाच वाटेल. येथे शब्दसंग्रह कमी पडला नाही, बुद्धी तर नाहीच नाही. चुकली ती वाक्याची एक लहानशी घडण. ‘व्हॉट टाइम डझ युवर ऑफिस स्टार्ट?’ एवढेच तिला म्हणायचे होते. व्याकरणात ज्याला आपण साधा वर्तमानकाळ म्हणतो, त्या काळात प्रश्न विचारण्याची ही रीत आहे. नोकरी, बँक, दवाखाना, शाळेतील पालकसभा, व्हिसाची खिडकी अशा ठिकाणी कानांवर पडणारे बरेचसे इंग्रजी प्रश्न याच घडणीचे असतात. म्हणून ही एक घडण नीट समजून घेतली, तर पुष्कळ भीती कमी होईल.

खरे पाहता, भाषांच्या बाबतीत नंदाखालच्या माणसाने न्यूनगंड बाळगण्याचे काहीच कारण नाही. वसईच्या या पट्ट्यात घरी सामवेदी म्हणजे कादोडी बोली, शाळेत प्रमाण मराठी, गाडीत हिंदी आणि कचेरीत इंग्रजी असा चार भाषांचा व्यवहार एकाच दिवसात करणारी घरे आहेत. मराठीत विपुल लेखन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचेच सुपुत्र. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका बोलीतून दुसऱ्या भाषेत जाताना वाक्याची घडण बदलावी लागते, हे येथील मुलांना नकळत ठाऊक असते. इंग्रजीकडे जाताना तेच जाणीवपूर्वक करायचे आहे.

मराठीत प्रश्न कसा होतो?

‘तुम्ही विरारला राहता’ हे विधान. त्याचा प्रश्न करायचा तर आपण शेवटी ‘का’ जोडतो : ‘तुम्ही विरारला राहता का?’ मूळ वाक्य जागचे हलत नाही. कधी तर ‘का’ही लागत नाही, आवाज उंचावला की झाले. ‘कुठे’, ‘कधी’, ‘काय’ हे शब्द आले, तरी ते वाक्याच्या पोटात बसतात : ‘तुम्ही कुठे राहता?’

इंग्रजीत शेवटी जोडण्यासाठी ‘का’ नाही. तेथे प्रश्नाची खूण वाक्याच्या आरंभी द्यावी लागते आणि ती खूण म्हणजे ‘डू’ किंवा ‘डझ’. ‘यू लिव्ह इन विरार’ हे विधान. ‘डू यू लिव्ह इन विरार?’ हा प्रश्न. आपला ‘का’ वाक्याच्या शेपटीला, त्यांचा ‘डू’ वाक्याच्या तोंडाशी, असे लक्षात ठेवावे. प्रश्नार्थक शब्द असेल, तर तो ‘डू’च्याही आधी येतो : ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ क्रम असा झाला : प्रश्नशब्द, मग ‘डू’ किंवा ‘डझ’, मग कर्ता, मग मूळ क्रियापद.

येथे ‘डू’चा अर्थ ‘करणे’ असा लावू नये. तो केवळ प्रश्नाची खूण आहे. म्हणूनच ‘व्हॉट डू यू डू?’ या प्रश्नात ‘डू’ दोनदा येतो. पहिला खुणेचा, दुसरा ‘करणे’ या अर्थाचा. प्रश्नाचा अर्थ ‘तुम्ही काय करता?’, म्हणजे तुमचा व्यवसाय काय, असा होतो.

ऐकताना आणखी एक अडचण येते. बोलण्याच्या ओघात ही खूण फार हलकी होते. ‘डू यू’ हे दोन शब्द ‘ड्यू’सारखे एकत्र ऐकू येतात. त्यामुळे ‘डू’ उच्चारलाच गेला नाही, असे ऐकणाऱ्याला वाटते आणि तो स्वतः बोलतानाही त्याला गाळतो. इंग्रजीत ‘यू लिव्ह इन विरार?’ असे नुसत्या आवाजाच्या चढानेही विचारतात, नाही असे नाही. परंतु त्यात ‘असे होय!’ किंवा ‘खरे की काय?’ अशी छटा येते. माहिती विचारण्याचा सरळ मार्ग ‘डू’चाच.

‘आहे’ची कसोटी

मग प्रत्येक प्रश्नात ‘डू’ घालावा काय? नाही. वाक्यातील मुख्य क्रियापद ‘असणे’ असेल, तर इंग्रजीत ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ येतात आणि तेच पुढे सरकून प्रश्न करतात. ‘चर्च जवळ आहे का?’ – ‘इज द चर्च निअर?’ ‘तुम्ही विवाहित आहात का?’ – ‘आर यू मॅरिड?’ येथे ‘डू’ला काम नाही. दोन्ही खुणा एकत्र करून ‘आर यू लिव्ह इन विरार?’ असे म्हणणे ही फार आढळणारी चूक आहे. ‘आर’ तरी घ्या किंवा ‘डू’ तरी. साध्या वर्तमानकाळाच्या एका प्रश्नात दोघांना जागा नाही.

परंतु केवळ ‘आहे’ हा शब्द दिसला म्हणून भुलू नये. मराठीतील काही ‘आहे’ फसवे असतात. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ यासाठी इंग्रजीत ‘जाणणे’ हे स्वतंत्र क्रियापद आहे, म्हणून ‘डू यू नो?’ असे होते. ‘तुम्हाला भाऊ आहे का?’ येथे ‘डू यू हॅव अ ब्रदर?’, ‘तुम्हाला चहा हवा आहे का?’ येथे ‘डू यू वाँट टी?’ असे म्हणावे. उलट ‘तुम्हाला भूक लागली आहे का?’ या वाक्यात मराठीत ‘लागणे’ असले, तरी इंग्रजीत ‘आर यू हंग्री?’ एवढेच पुरते. तात्पर्य, मराठी वाक्याचे शब्द न मोजता इंग्रजीत त्या अर्थाचे क्रियापद कोणते, हे आधी मनाशी ठरवावे. ते ‘असणे’ या अर्थाचे असेल तर ‘अ‍ॅम, इज, आर’; नाहीतर ‘डू, डझ’. ‘कॅन’, ‘विल’, ‘मे’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे मात्र स्वतःच पुढे सरकतात. त्यांनाही ‘डू’ लागत नाही.

‘स’ एकदाच येतो

मराठी क्रियापद लिंग, वचन आणि पुरुष यांप्रमाणे बदलते : तो जातो, ती जाते, ते जातात, तुम्ही जाता. इतके बदल लहानपणापासून सहज सांभाळणाऱ्याला इंग्रजीतला एक बदल अवघड वाटू नये. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा कोणतेही एकवचनी नाव कर्ता असेल, तर विधानात क्रियापदाला शेवटी ‘स’ किंवा ‘झ’ असा ध्वनी जोडतात : ‘शी वर्क्स इन अ बँक’, ‘ही लिव्ह्ज इन नंदाखाल’. प्रश्न करताना हा ध्वनी क्रियापदाकडून निघून ‘डू’कडे जातो आणि ‘डू’चा ‘डझ’ होतो : ‘डझ शी वर्क इन अ बँक?’ क्रियापद मूळ रूपात उरते. ‘डझ शी वर्क्स?’ असे म्हणणे म्हणजे एकाच प्रवासाची दोन तिकिटे काढणे होय.

आदरार्थी बहुवचनामुळेही आपली चूक होते. वडिलांना आपण ‘ते’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘दे’ आणि ‘डू’ वापरण्याचा मोह होतो. इंग्रजीत आदर क्रियापदातून दाखवीत नाहीत. वडील कितीही आदरणीय असले, तरी ते एकच आहेत. म्हणून ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ असाच प्रश्न येतो आणि ‘ही ग्रोज व्हेजिटेबल्स’ असेच उत्तर जाते.

‘आवडणे’ हे क्रियापद तर खास सापळा आहे. ‘आईला मासे आवडतात’ या वाक्यात मराठी क्रियापद माशांप्रमाणे चालते. इंग्रजीत आवडणारी वस्तू कर्ता नसते, ज्याला आवडते तो माणूस कर्ता असतो. म्हणून ‘डझ युवर मदर लाइक फिश?’ असे म्हणावे.

‘करता’ आणि ‘करत आहात’

आरंभीच्या तरुणीची चूक येथे होती. इंग्रजीत साधा वर्तमानकाळ नेहमीची गोष्ट सांगतो : सवय, व्यवसाय, नियम, वेळापत्रक, कायमचे सत्य. चालू वर्तमानकाळ या क्षणी किंवा सध्यापुरते चाललेले सांगतो. ‘व्हॉट डू यू डू?’ म्हणजे तुमचा व्यवसाय काय. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे आता तुमचे काय चालले आहे. पहिल्याला ‘आय टीच’ हे उत्तर, दुसऱ्याला ‘आय अ‍ॅम वेटिंग फॉर अ बस’ हे.

हा भेद मराठीतही आहे. पण मराठी तो सैलपणे पाळते. रोजच्या सवयीसाठी आपण ‘मी सातच्या लोकलने जातो’ म्हणतो, तसेच ‘मी सातच्या लोकलने जात असतो’ असेही म्हणतो. यालाच आपल्या व्याकरणात रीती वर्तमानकाळ म्हणतात. या ‘जात असतो’चे शब्दशः रूपांतर करताना ‘आय अ‍ॅम गोइंग डेली’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीत तेथे ‘आय गो’ हवे, आणि प्रश्नात ‘डू यू गो बाय ट्रेन?’

वेळापत्रकाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा सोबत चालतात. ‘शेवटची विरार लोकल किती वाजता सुटते?’ – ‘व्हॉट टाइम डझ द लास्ट विरार लोकल लीव्ह?’ ‘सुटते’ म्हटले की ‘डझ’ आलाच.

काही क्रियापदे मनाची वा मालकीची स्थिती सांगतात : नो, वाँट, लाइक, नीड, हॅव, अंडरस्टँड, बिलीव्ह. ही सहसा चालू काळात वापरीत नाहीत. ‘आर यू हॅविंग अ पासपोर्ट?’, ‘आर यू अंडरस्टँडिंग मी?’ ही वाक्ये भारतात सर्रास ऐकू येतात आणि आपसांत समजतातही. तथापि, परीक्षेत वा औपचारिक मुलाखतीत ती चूक म्हणून धरली जातात. ‘डू यू हॅव अ पासपोर्ट?’ आणि ‘डू यू अंडरस्टँड?’ ही निर्दोष रूपे होत. ‘हॅव’चा अर्थ ‘जेवणे’ असा असेल, तर ‘वी आर हॅविंग लंच’ हे बरोबरच आहे, कारण ती स्थिती नसून क्रिया आहे.

जेथे मराठी वर्तमानकाळ कामाला येत नाही

निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो, प्रत्यक्षात मात्र निघतो. ‘मी उद्या येतो’ हेही रूपाने वर्तमानकाळी, अर्थाने भविष्यकाळी. ‘आय कम टुमॉरो’ असे इंग्रजीत म्हणत नाहीत. ‘आय विल कम टुमॉरो’ म्हणतात. ‘मी आता निघतो’ याला ‘आय अ‍ॅम लीव्हिंग नाऊ’ म्हणावे.

‘तुम्ही इथे किती वर्षांपासून राहता?’ हा प्रश्नही असाच. भूतकाळात सुरू होऊन आजवर चाललेली गोष्ट मराठी वर्तमानकाळात सांगते. इंग्रजी तेथे पूर्ण वर्तमानकाळाकडे वळते : ‘हाऊ लाँग हॅव यू लिव्ड हिअर?’ वर्षे, महिने मोजायचे असतील, तर ‘डू’ बाजूला ठेवावा, हा सोपा नियम.

कर्ताच अज्ञात असेल तर

‘इथे कोण राहते?’ येथे प्रश्न कर्त्याविषयीच आहे. अशा वेळी ‘डू’ लागत नाही : ‘हू लिव्ह्ज हिअर?’ ‘मग काय होते?’ – ‘व्हॉट हॅपन्स देन?’ विधानातला कर्ता उचलून त्या जागी ‘हू’ किंवा ‘व्हॉट’ ठेवला की प्रश्न तयार होतो. पण ‘तुम्ही कोणाला ओळखता?’ येथे कर्ता ‘तुम्ही’ हजर आहे, म्हणून ‘हू डू यू नो?’

‘हो’ कधी म्हणावे?

प्रश्नाइतकेच उत्तरालाही महत्त्व आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, ‘डोन्ट यू टेक एनी मेडिसिन फॉर ब्लड प्रेशर?’ म्हणजे, रक्तदाबासाठी तुम्ही काही औषध घेत नाही का? मराठी माणूस सहज म्हणेल, ‘हो, घेत नाही.’ आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतला ‘येस’ मात्र वस्तुस्थितीकडे पाहतो. औषध घेत असाल तर ‘येस, आय डू’, घेत नसाल तर ‘नो, आय डोन्ट’. प्रश्न होकारार्थी विचारला की नकारार्थी, याने उत्तर बदलत नाही. नुसता ‘येस’ म्हणून थांबलात, तर डॉक्टर समजतील की औषध चालू आहे. म्हणून अशा ठिकाणी एका शब्दावर न थांबता ‘आय डू’ किंवा ‘आय डोन्ट’ जोडावे. शंका वाटली तर पूर्ण वाक्य बोलावे.

आपल्या ‘ना?’चेही तसेच. ‘तुम्ही नंदाखालला राहता ना?’ याला ‘यू लिव्ह इन नंदाखाल, इजन्ट इट?’ असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रमाण इंग्रजीत मूळ वाक्याला साजेसे शेपूट लागते : ‘यू लिव्ह इन नंदाखाल, डोन्ट यू?’

नम्रतेने विचारताना

अनोळखी माणसाला थेट प्रश्न विचारणे कधी रुक्ष वाटते. तेव्हा ‘डू यू नो’ किंवा ‘कुड यू टेल मी’ अशी सुरुवात करतात. मात्र मग आतल्या प्रश्नाची घडण पुन्हा विधानासारखी होते. ‘व्हेन डझ द बँक ओपन?’ हा थेट प्रश्न. ‘डू यू नो व्हेन द बँक ओपन्स?’ हा नम्र प्रश्न. ‘डझ’ गेला आणि ‘स’ क्रियापदाकडे परत आला. प्रश्नाची खूण आरंभी एकदा दिली की दुसरी नको.

‘डू’ नेहमीच नव्हता

ही ‘डू’ची खूण इंग्रजीत सुरुवातीपासून नव्हती. जुन्या इंग्रजीत क्रियापदच कर्त्याच्या पुढे सरकत असे : ‘नो यू?’ म्हणजे ‘जाणता का तुम्ही?’ पंधराव्या शतकापासून पुढे ‘डू’ हळूहळू प्रश्नांत रुजत गेला. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या.

त्याच काळात इंग्लंडचा एक मनुष्य आपल्या किनाऱ्यावर उतरला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि त्यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि त्याच वर्षी शेक्सपिअरचे निधन झाले. कोकणी भाषेचे त्यांचे व्याकरणही १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. परक्या भाषेची क्रियापदे त्यांनाही एकेक करून शिकावी लागली असणार. एक इंग्रज ओवी रचण्याइतकी आपली भाषा आत्मसात करू शकतो, तर दोन अक्षरांच्या ‘डझ’ने आपण का घाबरावे?

थोडा सराव

पुढील प्रश्न इंग्रजीत विचारून पाहावेत. एक, तुमची बस कुठे थांबते? दोन, तुम्हाला पोहता येते का? तीन, हे दुकान रविवारी उघडे असते का? चार, या घराचे भाडे कोण भरते? पाच, तुमच्या मुलीला गणित आवडते का? सहा, तुम्ही किती वर्षांपासून इथे काम करता?

उत्तरे अशी. एक, ‘व्हेअर डझ युवर बस स्टॉप?’ दोन, ‘कॅन यू स्विम?’ येथे ‘येणे’ म्हणजे क्षमता. तीन, ‘इज धिस शॉप ओपन ऑन संडेज?’ येथे ‘असणे’ मुख्य आहे. चार, ‘हू पेज द रेन्ट फॉर धिस हाऊस?’ कर्ताच विचारला आहे. पाच, ‘डझ युवर डॉटर लाइक मॅथ्स?’ सहा, ‘हाऊ लाँग हॅव यू वर्क्ड हिअर?’

पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. तरीही अनेकांचे इंग्रजी वहीतच राहते, कारण शाळेत विद्यार्थी उत्तरे लिहितो, प्रश्न सहसा विचारत नाही. एके काळी घरोघरी असलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने वाक्यामागून वाक्य घोटून घेण्याची शिस्त लावली होती. ती शिस्त आजही उपयोगी आहे. फक्त घोटायची वाक्ये आपल्या दिवसातली असावीत. गाडी कधी सुटते, भाजी कोण आणते, शाळा केव्हा भरते, असे रोज पाच प्रश्न घरच्या माणसाला इंग्रजीत विचारावेत आणि त्याच्याकडून पूर्ण वाक्यात उत्तर घ्यावे. चुकले तर घरात कोणी गुण कापत नाही.

आणि मुलाखतीच्या शेवटी कोणी म्हणाले, काही विचारायचे आहे का, तर आपल्या तरुणीने मान खाली न घालता विचारावे : ‘व्हॉट टाइम डझ द ऑफिस ओपन?’ उत्तर मिळाले की, कोणती लोकल पकडायची ते तिचे तिला ठरवता येईल.